दहावी ९७.२०, सॅट १५१०: लेकीला कुठे मिळेल?

खडीसाखर | बुधवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक बारावी सायन्सला आहे, राज्य मंडळ. शाळा दादरची, ज्युनियर कॉलेज माटुंग्याचं, घर हिंदमाताजवळ. तिला गणित आणि कॉम्प्युटर सायन्स शिकायचंय आणि वर्षभर डोक्यात अमेरिका घेऊन बसलीये. गेल्या रविवारी एका समुपदेशकाकडे गेलो होतो. थंडगार केबिन, भिंतभर विद्यापीठांचे झेंडे. पाऊण तास बोलून त्यांनी एक कागद हातात दिला: 'पहिल्या वीसपैकी किमान एका विद्यापीठात प्रवेशाची शक्यता ८० टक्के.' फी साडेचार लाख, निम्मी लगेच. जिना उतरताना नवरा म्हणाला, आपण उरलेल्या वीस टक्क्यांत निघालो तर पैसे परत का? ते विचारायचं राहिलंच.

माहिती देते. दहावी ९७.२०. सॅट (अमेरिकेच्या प्रवेशाची परीक्षा) १५१०, त्यात गणित ७९०. नववीत होमी भाभा बालवैज्ञानिकला रौप्य. गणित ऑलिंपियाडमध्ये आयओक्यूएम या पहिल्या पायरीवरून आरएमओ या दुसऱ्या पायरीपर्यंत गेली, पुढे नाही. कथकच्या चार परीक्षा. जेईईचा क्लास चालू आहे. आम्ही दोघं बँकेत. कर्ज धरून चार वर्षांचे मिळून साठ लाखांपर्यंत ताणू शकतो, त्यापुढे घर विकावं लागेल आणि ते सासूबाईंच्या नावावर आहे.

८० हा आकडा खरा आहे का? नसेल तर खरा किती?

सिएटलचा_पाऊस | गुरुवार, सकाळी ६:१५

ताई, ८० ऐकल्यावर चपला घालून निघालात हे उत्तम केलंत.

मी स्वतः एमएसला आलो होतो, तो मामला वेगळा. पण धाकटा आत्ताच यातून गेलाय, तोही इथला नागरिक असून, त्यामुळे आकडे पाठ झालेत. हार्वर्डच्या २०२८ साली पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला. शंभरात चारसुद्धा नाहीत. यात खेळाडू आले, माजी विद्यार्थ्यांची मुलं आली, सगळे आले. एमआयटी परदेशी अर्जदारांचा हिशेब वेगळा देते, तो शंभरात दोनच्या आसपास पडतो.

गुणांबद्दल म्हणाल तर २०१८ साली हार्वर्डवर बोस्टनच्या कोर्टात खटला चालला, तेव्हा आतली बरीच कागदपत्रं बाहेर आली. एका वर्षीचे देशातलेच अर्ज सव्वीस हजार. त्यात साडेतीन हजारांच्या आसपास मुलांना सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी, आणि आठ हजारांवर मुलांना शाळेत पैकीच्या पैकी. होकार सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. तेव्हा ७९० ऐकून तिथे कुणी खुर्चीतून उठत नाही. अभ्यास, उपक्रम, खेळ, व्यक्तिमत्त्व अशा रकान्यांत १ ते ६ श्रेणी देतात, १ सगळ्यात वरची. तुमची सगळी टक्केवारी मिळून पहिला रकाना भरतो.

टवाळ | गुरुवार, सकाळी ९:०२

८० टक्के शक्यता बहुतेक समुपदेशकांच्या नव्या गाडीची असावी. कागद नीट वाचा.

दशांशचिन्ह | गुरुवार, सकाळी १०:३०

तो ८० कुठून आला असावा ते मला दिसतंय. कॉमन अ‍ॅपवर (अमेरिकन विद्यापीठांना एकत्र अर्ज करायची वेबसाइट) जास्तीत जास्त वीस विद्यापीठं घालता येतात. प्रत्येक ठिकाणी ८ टक्के धरा, वीस अर्ज करा, आणि 'किमान एक होकार' याचं गणित मांडा. वीसही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९२ चा विसावा घात, म्हणजे १९ टक्के. उरले ८१. कागद तयार.

यात गोम दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे ८ टक्के धरायला कुणी सांगितलं? परदेशी, कॉम्प्युटर सायन्स, वर आर्थिक मदत हवी, अशा मुलीला ३ धरले तरी मन मोठं केलं म्हणायचं. ३ टक्के आणि दहा अर्ज धरले तर २६ येतात.

दुसरी गोम मोठी आहे. हे गणित प्रत्येक अर्ज सुटा धरतं, फासा दरवेळी नव्याने टाकल्यासारखा. पण अर्जात तीच मुलगी, तेच पत्र, तोच निबंध. एकाला जे खटकलं ते दुसऱ्यालाही खटकणार. पावसात 'दहापैकी एक तरी लोकल वेळेवर येईल' म्हणण्यासारखं आहे हे. कुर्ल्याला पाणी भरलं की दहाच्या दहा मागे उभ्या असतात. त्यामुळे अर्ज वाढवून शक्यता वाढते ती कागदावर वाटते त्यापेक्षा फार कमी. फी मात्र प्रत्येक अर्जाची सुटी भरावी लागते.

बाबा_घाटकोपरचे | गुरुवार, दुपारी १:१०

शेवटच्या वाक्याला अनुमोदन, खिशासकट.

आमच्या चिरंजीवांनी तीन वर्षांपूर्वी १४ अर्ज केले. १३ नकार, एक प्रतीक्षायादी, तीही हलली नाही. एकेका अर्जाची फी ७०-८० डॉलर, वर सॅटचे गुण पाठवायचे पैसे. सगळं धरून लाखाच्या वर गेले. पण पैशाचं दुःख नाही. डिसेंबरभर पोरगा रात्री निबंध लिहायचा आणि जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र. दोन डगरींवर हात ठेवला की काय होतं ते घरात बसून बघितलं. प्रत्येक विद्यापीठाचा निबंध वेगळा, 'आमच्याकडेच का' हे चौदा वेळा पटवायचं. मी एकदा म्हटलं, नाव बदलून तेच टाक की. त्याने असं बघितलं माझ्याकडे.

शेवटी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दिली. मे महिन्यात, बोर्ड संपल्यावर, डोकं शांत असताना. लागला. गणित आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र, वर्ग लहान. तुमच्या लेकीला हेच दोन विषय हवेत ना? मग हे नाव यादीत खाली नको, वर ठेवा. कोलकात्याच्या आयएसआयचंही (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) तसंच.

कोटा_रिटर्न | गुरुवार, दुपारी २:४५

मला हा सगळा 'एकंदर व्यक्तिमत्त्व' प्रकारच पटत नाही. जेईईला बघा. मेनला चौदा लाखांवर मुलं बसतात, त्यातली अडीच लाख अ‍ॅडव्हान्स्डला पात्र, आयआयटीच्या जागा अठरा हजारांच्या आसपास. क्रूर आहे, मान्य. पण रँक आला की जोसाच्या (आयआयटीच्या जागावाटपाच्या) यादीत बोट ठेवून सांगता येतं कुठे मिळेल. मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स खुल्या गटात सत्तरच्या आत बंद होतं, गेली काही वर्षं तेच चाललंय. तुम्ही एकाहत्तरावे असाल तर नाही मिळत, आणि का नाही ते कळतं. तिकडे नकाराचं कारणच नाही.

सिएटलचा_पाऊस | गुरुवार, सायंकाळी ७:२०

अरे पण रँक आल्यावर कळतं ना? त्याच्या आदल्या वर्षी बारावीतल्या पोराची 'शक्यता' तूही सांगू शकत नाहीस. क्लासवाले सांगतात ते सोड.

निवृत्त_उपप्राचार्या | गुरुवार, रात्री ९:०५

खडीसाखर, तुम्ही दहावीचे गुण दिलेत, सॅट दिलंत, कथकसुद्धा दिलंत. अकरावीचे गुण कुठे आहेत?

खडीसाखर | गुरुवार, रात्री ११:५५

पकडलंत मॅडम. ७४.

कारण सांगते, सबब म्हणा हवं तर. क्लास दुपारी दोन ते आठ, घरी येऊन त्याचाच अभ्यास. कॉलेजला हजेरीपुरती. अकरावीचे मार्क कोण विचारतं, असं आम्हीच तिला म्हणालो होतो. क्लासनेही तेच सांगितलं. समुपदेशकांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, 'बघू, मॅनेज करू.' मॅनेज म्हणजे काय ते विचारायची मला भीती वाटली, खरं सांगायचं तर.

सिएटलचा_पाऊस | शुक्रवार, सकाळी ६:४०

हं. हे जड जाईल ताई. तिकडे नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात, आणि अर्ज जातो तेव्हा बारावीचा निकाल नसतो. म्हणजे शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीच. ९७ वरून ७४ म्हणजे पोरगी घसरली असंच दिसणार.

आणि ते 'मॅनेज'! त्या वाटेला अजिबात जाऊ नका. गुणपत्रक बदललेलं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही काढून घेतात.

निवृत्त_उपप्राचार्या | शुक्रवार, सकाळी ११:३०

जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळं अडतं आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलं, शेवटची सात उपप्राचार्य होते. परदेशी अर्जासाठी कॉलेजकडून काय जातं? नववीपासूनची गुणपत्रकं, शिक्षकांची शिफारसपत्रं, समुपदेशकाचं पत्र, आणि स्कूल प्रोफाइल म्हणतात तो एक-दोन पानी कागद. आंतरराष्ट्रीय शाळांत या कामाला पगारी माणसं असतात. आपल्याकडे 'समुपदेशक' म्हणजे उपप्राचार्य, आणि त्यांच्या वाट्याला हजार-बाराशे मुलं, बोर्डाचे फॉर्म, प्रॅक्टिकलचे परीक्षक, आणि गळकं छत.

माझ्याकडे मुलं यायची ३० डिसेंबरला. 'मॅडम, सही हवीय, उद्या शेवटचा दिवस.' मी विचारायची, बाळा, तुकडी कुठली तुझी? एकाने पत्र स्वतःच लिहून आणलं होतं. त्यात मी त्याला 'गेली तीन वर्षं जवळून ओळखते' असं होतं. ज्युनियर कॉलेज दोन वर्षांचं असतं हो!

आता ७४ कडे या. पलीकडे जो वाचणार आहे त्याला आपल्याबद्दल काय माहीत? दहावी शाळेत आणि अकरावी दुसऱ्याच संस्थेत, हे त्याला ठाऊक नाही. दहावीचा पेपर मंडळ काढतं आणि अकरावीचा कॉलेज काढतं, तेही ठाऊक नाही. आमच्या गणित विभागात एक सर होते, अकरावीला कुणाला ऐंशीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणायचे 'डोक्यात हवा जाते'. त्या वर्षी अख्ख्या सायन्सला पहिल्या आलेल्या मुलाला ८२ होते. अमेरिकेत बसलेल्या माणसाला ते ८२ म्हणजे मधला-आधला मुलगा.

हे सांगण्याची जागा म्हणजे तो प्रोफाइलचा कागद. अकरावीला किती मुलं होती, सर्वात वरचे गुण किती, ७० च्या वर किती जण, पेपर कोण काढतं, रँक देतात की नाही. एवढंच. खोटं एक अक्षर नको, नुसतं रजिस्टर उतरवायचं. निम्म्या कॉलेजांनी हा कागद कधी बनवलेलाच नसतो, कारण मागितलाच नाही कुणी.

तेव्हा शक्यता किती हे विचारण्याआधी एक करा. कॉलेजच्या ऑफिसात जा आणि अकरावीचा एकत्रित निकाल मागा. ७४ म्हणजे चौदावी आली की दोनशे चौदावी, हे कळल्याशिवाय इथल्या कुणाच्याच आकड्याला अर्थ नाही. आणि दोनशे चौदावी असेल तर तेही कळू दे.

थंडी_बोस्टनची | शुक्रवार, रात्री १०:१५

मॅडमच्या पोस्टला शंभर मोदक. काकू, मी ठाण्याची, राज्य मंडळाचीच, सध्या बोस्टनजवळ दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्यासाठी भौतिकशास्त्राच्या सरांनी पत्र लिहिलं होतं. इंग्रजी साधंसुधं, पण त्यात एक प्रसंग होता: प्रयोगशाळेतला लोलक चुकीचं उत्तर देत होता आणि मी तीन दिवस सुट्टीत येऊन तो का चुकतो ते शोधत बसले होते. तसं काहीतरी बघितलेला शिक्षक शोधा. 'अत्यंत हुशार व मेहनती' सगळ्यांच्याच पत्रात असतं.

पैशाचं पण बोलू या का? कारण तुमच्या यादीचं निम्मं काम तिथेच होतं. चार वर्षांचे साठ लाख म्हणजे महागड्या खासगी विद्यापीठात एका वर्षाचाही पूर्ण खर्च नाही. मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होत नाही अशी परदेशी मुलांसाठी मोजकीच विद्यापीठं: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राऊन, अ‍ॅमहर्स्ट, बोडन, आणि अजून एक-दोन. तिथे मिळाला प्रवेश तर ते घरचं उत्पन्न बघून उरलेलं भरतात. पण तिथेच दार सगळ्यात अरुंद. बाकी ठिकाणी, अगदी स्टॅनफर्डलासुद्धा, परदेशी मुलाने मदत मागितली की ते निर्णयात धरतात. कॉर्नेलची टाटा शिष्यवृत्ती आहे, भारतीय मुलांसाठीच, पण एका वेळी सगळ्या वर्षांचे मिळून वीसेक जण.

कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं सॅट बघतच नाहीत आणि शिफारसपत्रंही सहसा मागत नाहीत, म्हणून राज्य मंडळाच्या मुलांना सोपी वाटतात. फक्त परदेशी मुलांना गरजेनुसार मदत जवळजवळ नाही. मिळेल आणि जाता येणार नाही, असं होतं मग. माझ्या मैत्रिणीचं झालं.

बाबा_घाटकोपरचे | शुक्रवार, रात्री १०:५०

जे. एन. टाटा एंडोमेंट आहे की. १८९२ पासून देतायत.

थंडी_बोस्टनची | शुक्रवार, रात्री ११:०५

काका, ते पदवीनंतरच्या शिक्षणासाठी, आणि कर्जरूपाने. बारावीवाल्यांना उपयोग नाही.

क्रॉयडनकर | शनिवार, दुपारी ३:३०

इंग्लंडचा विचार केलाच नाहीये का कुणी? इकडे कथक वगैरे कुणी विचारत नाही, विषय येतो की नाही ते बघतात. यूकॅसवर (इकडची एकत्र अर्जाची वेबसाइट) पाच पर्याय, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजपैकी एका वर्षी एकच, आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबर. केंब्रिजच्या कॉम्प्युटर सायन्सला टीएमयूए नावाची गणिताची परीक्षा असते, आरएमओला बसलेल्या मुलीला ती आवडेल. मात्र बारावीचे अपेक्षित गुण कॉलेजने लिहून द्यावे लागतात. आपल्या कॉलेजात 'अपेक्षित गुण' म्हटलं की क्लार्क विचारतो, कुणाला अपेक्षित?

फी मात्र साठ लाखांत बसणार नाही, आधीच सांगतो. सिंगापूर बघा. तिथे सरकारी ट्यूशन ग्रँट घेतली की फी बरीच खाली येते, बदल्यात पदवीनंतर तीन वर्षं सिंगापूरच्या कंपनीत नोकरी करायची. तरी राहण्याजेवणाचं धरून बरंच ताणावं लागेल.

थंडी_बोस्टनची | शनिवार, सायंकाळी ६:००

काकू, एक विचारायचं राहिलं. कुणी सांगितलेलं नसताना, मार्क नसताना, ती काय करत बसते?

खडीसाखर | शनिवार, रात्री १०:२०

मोबाइल.

गंमत सोडून देते. पावसाळ्यात गॅलरीत वही घेऊन बसते. आमच्या चौकात पाणी भरतं ते तुम्हाला टीव्हीवर दिसतंच. कधी भरलं, गेटच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, कधी उतरलं असं काहीतरी लिहिते. तीन पावसाळे झाले. समुपदेशक म्हणाले हे सोडा, त्यापेक्षा एखादी संस्था काढू, नाव देऊ, अ‍ॅप बनवू, आणि एका नियतकालिकात शोधनिबंध छापून आणू, त्याचे वेगळे ऐंशी हजार.

थंडी_बोस्टनची | शनिवार, रात्री १०:३१

काकू!! हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही?? चार कथकच्या परीक्षा आहेत आणि हे नाही?

कोटा_रिटर्न | शनिवार, रात्री ११:१०

झालं. आता त्या वहीचंही पॅकेज होणार. 'मुंबई तुंबते तेव्हा एक मुलगी जागी असते', साडेसहाशे शब्दांत. चार वर्षांनी सगळ्या दादरच्या मुली गॅलरीत वह्या घेऊन बसतील.

टवाळ | शनिवार, रात्री ११:१४

त्यांचे क्लास निघतील. 'पाणी भरणे: बेसिक ते अ‍ॅडव्हान्स्ड.'

खडीसाखर | रविवार, सकाळी ११:४५

मी लेक लिहितेय, आईच्या आयडीवरून. माझ्या वहीवर इथे चर्चा चाललीये हे मला कथकच्या क्लासमधल्या एका काकूंनी सांगितलं. आईशी काल बोलले नाही. आज बोलतेय.

काही गोष्टी नीट सांगते. मी दहावीत असताना सुरू केलं. हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, पेपरमध्ये आलं की आता पाणी भरणार नाही. पण भरलं. मग आजी म्हणाली पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, आणि खालचे दुकानवाले काका म्हणाले काही फरक नाही. दोघांनाही खात्री होती. म्हणून लिहायला लागले. गेटला पाच पायऱ्या आहेत, प्रत्येकीची उंची मोजून ठेवलीये. पाऊस महापालिकेच्या केंद्राचा आकडा बघून, भरती वेळापत्रकातून. ४७ नोंदी आहेत. दोनदा मी झोपले होते, तिथे रकाना रिकामा आहे. आजी बरोबर की काका, अजून सांगता येत नाही, कारण आधीच्या वर्षांच्या नोंदी माझ्याकडे नाहीत. तुलना कशाशी करू? हे मला दुसऱ्या वर्षी लक्षात आलं, तेव्हा वही फेकून देणार होते.

कोटा_रिटर्न काका, अ‍ॅप मी नाही बनवणार. साडेसहाशे शब्दांत हेच लिहीन की मोजायला उशिरा सुरुवात केली. आणि ७४ बद्दल: त्यात केमिस्ट्रीला ६१ आहेत, ते माझेच आहेत, क्लासचे नाहीत. मला केमिस्ट्री आवडत नाही.

कोटा_रिटर्न | रविवार, दुपारी १२:२०

माझं वाक्य मागे घेतो. केमिस्ट्रीबद्दल सहानुभूती.

दशांशचिन्ह | रविवार, दुपारी १२:४०

आधीच्या नोंदी नाहीत हे खरं, पण 'इतका पाऊस, इतकी भरती, तर इतकं पाणी' एवढा संबंध ४७ नोंदींतून काढता येईल, आणि तो तिसऱ्या वर्षी बदलला का ते बघता येईल. रिकामे दोन रकाने तसेच ठेव, भरू नकोस. मला निरोप टाक, मी मदत करेन. शिकवेन, करून देणार नाही.

निवृत्त_उपप्राचार्या | रविवार, दुपारी ४:१५

बाळ, तुझ्या गणिताच्या शिक्षकांना ही वही दाखवली आहेस का कधी? नसशील तर उद्याच दाखव. पत्र मागू नकोस लगेच. आधी नुसती दाखव.

खडीसाखर | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

आई लिहितेय. उशीर झाला, बँकेत तिमाहीची गडबड.

कॉलेजात दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी ऑफिसात म्हणाले, असा एकत्रित निकाल द्यायची पद्धत नाही, अर्ज लिहा. लिहिला. दुसऱ्या दिवशी क्लार्क काकांनी कपाटावरून रजिस्टर काढलं, फुंकर मारली आणि माझ्यासमोर उघडलं. सायन्सला ३८६ मुलं. पहिल्या मुलाला ८१.५. ७० च्या वर २९ जण. आमची ७४ वाली चौदावी. मी तिथेच खुर्चीवर बसले. वर्षभर तिला ७४ वरून टोमणे मारलेत मी.

उपप्राचार्य सर भले निघाले. प्रोफाइल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, मी मॅडमची पोस्ट छापून नेली होती ती त्यांनी उभ्यानेच वाचली आणि 'ते गणिताचे सर आमच्याकडेही होते' म्हणाले. कागद आम्ही मसुदा करून द्यायचा, आकडे ते रजिस्टरवरून तपासून सही-शिक्का करणार. गणिताच्या मॅडमनी वही दोन दिवस ठेवून घेतली. पेन्सिलीने तीन ठिकाणी प्रश्न काढून परत दिली, त्यामुळे लेक त्यांच्यावर जाम खूश आहे.

समुपदेशकांना नाही कळवलं. त्यांचे रोज फोन येतायत, 'या आठवड्यात सूट आहे' म्हणून.

यादी अशी झालीये. अमेरिकेत सहा, सगळी मदतीवर फरक न करणारी, आणि सातवं कॉर्नेल. सिंगापूरची दोन. चेन्नई आणि आयएसआय, दोन्ही परीक्षा. जेईई मेन चालूच आहे, आणि सीईटी, व्हीजेटीआय मिळालं तर घरातून पायी जाता येईल म्हणून आजी तिकडून नवस बोलून बसलीये. निबंध ३० नोव्हेंबरपर्यंत संपवायचे, डिसेंबर-जानेवारीत फक्त जेईई, असं लेकीने भिंतीवर लिहून लावलंय. घाटकोपरच्या बाबांचं ऐकून.

दशांशचिन्ह, आता तरी आकडा सांगा ना. राहवत नाही.

दशांशचिन्ह | पुढचा शनिवार, रात्री १०:०५

अमेरिकेच्या सातांत मिळून माझा अंदाज शंभरात पाच ते दहा. गेल्या आठवड्यात विचारलं असतंत तर दोन म्हणालो असतो. सिंगापूरचं सांगण्याइतकी माहिती नाही. चेन्नईचं त्या परीक्षेच्या दिवशी कळेल.

बाबा_घाटकोपरचे | पुढचा शनिवार, रात्री १०:२२

चेन्नईला आली तर डबा आमच्याकडून. चिरंजीव सांबाराला कंटाळलेत.

खडीसाखर | रविवार, सकाळी ८:१०

लेक. एक तांत्रिक प्रश्न. कॉमन अ‍ॅपवर शिक्षकांचा अधिकृत ईमेल मागतात. आमच्या कॉलेजचा अधिकृत ईमेल जीमेलवरच आहे, आणि त्याचा पासवर्ड क्लार्क काकांकडे आहे. चालेल का?

थंडी_बोस्टनची | रविवार, सकाळी ८:३५

माझ्या कॉलेजचाही जीमेलच होता, चाललं. वेबसाइटवर तोच पत्ता दिलेला असू दे, म्हणजे कुणाला शंका आली तर पडताळता येतो. आणि क्लार्क काका दिवाळीत गावी कधी जातात ते आत्ताच विचारून ठेव.